ओ देणारा कडा

“भरल्या ताटावरनं उठू नगं, लहानू,” आत्याबाई म्हणाल्या. पण तोवर तो उठलाही होता. अर्धी भाकरी पिठल्याशेजारी तशीच राहिली आणि तो ओसरीच्या कडेला उभा राहून चूळ भरू लागला.

कारण काय, तर मोटारीची किल्ली. पुण्याहून आलेले साहेब पँटचे खिसे उलटे करकरून बघत होते आणि त्यांच्या मॅडम आमच्या ओसरीवर पाठीवरची पिशवी रिकामी करत बसल्या होत्या. टॉवेल, बिस्किटांचे पुडे, खोकल्याच्या औषधाची बाटली, सगळं निघालं. किल्ली काही निघेना.

“टाक्यांपाशी तू चष्मा पुसायला रुमाल काढलास ना? तिथंच पडली असणार,” मॅडम म्हणाल्या.

“जातो मी परत,” साहेब म्हणाले. पण एवढ्या चालण्यानंच त्यांच्या पायात गोळे आले होते, हे सगळ्यांना दिसत होतं.

“तुम्ही कशाला? मी घेऊन येतो. तुमची भजी होईस्तोवर आलोच,” लहानू म्हणाला.

लहानू म्हणजे माझा नवरा. त्या वेळी मी त्याचं नाव घेत नसे, आमच्यात बायका घेत नाहीत. आता घेते. आता घेतलं काय नि न घेतलं काय, सारखंच. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आत्याबाई म्हणजे माझी सासू. घरात आम्ही तिघंच. सासरे लहानू पाळण्यात असतानाच गेले होते. कसे गेले ते मला कुणी सांगितलं नव्हतं आणि नव्या सुनेनं विचारायचंही नसतं.

आमचं कुडवळ गाव डोंगरावरच्या पठारावर आहे. गाव कसलं, चार आळ्या आणि एक देऊळ. पण पावसाळा लागला की आम्हाला बघायला माणसं लोटतात. आम्हाला म्हणजे उलट्या धबधब्याला, पांडवांच्या टाक्यांना आणि कड्याला. धबधब्याचं पाणी वाऱ्यानं खाली न पडता वर उडतं. त्यापायी आमची धुणी चार चार दिवस वाळत नाहीत, एवढंच आम्हाला त्याचं कौतुक. शहरातली माणसं मात्र त्याच्यापुढं हात पसरून उभी राहतात आणि ओरडतात. लहानू त्यांना सगळं फिरवून आणायचा, मी आणि आत्याबाई जेवण करायचो. मी खालच्या बाजारगावातली, दहावी झालेली. आईनं स्थळ ऐकून नाक मुरडलं होतं. पण लहानू बघायला आला तेव्हा चहाच्या कपाकडे बघूनच इतका लाजला, की मला हसू आवरेना. मी हो म्हणून टाकलं.

जाताना तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “भाकरी झाकून ठेव. आल्यावर खातो.”

मी ताटावर ताट पालथं घातलं.

“आये, आलोच गं,” तो अंगणातून ओरडला.

आत्याबाईंनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष आभाळाकडे होतं. भादव्याचे दिवस. पाऊस थांबला होता, वारा पडला होता. वारा पडला की कोकणच्या अंगानं धुकं वर येतं. आधी कड्याच्या काठावर नुसती एक पांढरी रेघ दिसते, आणि भज्यांचं पीठ कालवून वर बघावं तर समोरचा गोठा नाहीसा झालेला असतो.

त्या दिवशी तसंच झालं. पहिला घाणा तळून होईपर्यंत अंगणातली तुळससुद्धा दिसेना.

“बाप रे,” मॅडम म्हणाल्या. “आता त्याला वाट कशी सापडणार?”

“सापडते की,” मी म्हटलं. गावाच्या रीतीभाती मला नुकत्याच कळल्या होत्या आणि त्या दुसऱ्याला सांगायची हौस होती. “धुक्यात अडकलेल्या माणसानं हाक मारायची. गावातून कुणीतरी ओ द्यायची आणि तो घरी पोचेपर्यंत देतच राहायची. ओच्या अंगानं चालत यायचं. पोरंसोरंसुद्धा येतात.”

“किती छान! म्हणजे आवाजाचा दोर.”

“दोर म्हना,” आत्याबाई चुलीपाशी बसल्या बसल्याच म्हणाल्या. “पर पैल्या हाकंला ओ द्यायची न्हाई. दुसऱ्या हाकंलाबी न्हाई.”

“का बरं?”

आत्याबाईंनी झारा कढईच्या काठावर ठेवला. “कड्यावर एक बाई हाय. कडेवाली म्हंत्यात. तिला आपल्या मान्साचा आवाज काढता येतो, हुबेहूब. पर तिला दोनच हाका येत्यात. तिसरी येत न्हाई. तिच्या हाकंला ओ दिली, की ज्याच्यासाठी दिली त्याला ती घिऊन जाती. म्हनून तिसरी हाक आल्याबिगर आमच्यात तोंड उघडत न्हाईत.”

साहेब हसले. वाईट हसले नाहीत, आपण लहान मुलाच्या गोष्टीला हसतो तसे हसले. मॅडमनी डोळ्यांनीच त्यांना दटावलं. मी पण मनात हसले होते, लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा. बाजारगावात असलं काही नसतं. तिथं कुणी हाक मारली की लोक ओ देतात आणि उसना डबा परत मागतात.

भजी निवायला लागली. साहेब दारात जाऊन उभे राहिले. “एवढा वेळ लागतो?”

“शोधत असतील,” मी म्हणाले. “गवत वाढलंय.”

“किल्ली नाही मिळाली तरी चालेल, पण त्यानं परत यावं,” मॅडम म्हणाल्या. “आपण उगाच पाठवलं त्याला.”

आत्याबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं, पदर खोचला आणि अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागं गेले. धुक्यात सगळं गाव मुकं झालं होतं. आमच्या घरापुढं एक वावर आहे, वावराचा बांध संपला की पठार, आणि पठार संपलं की कडा. कडा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे असं म्हणतात, आणि ते अगदी खरं आहे.

“आयेऽऽ.”

लहानूची हाक. मला शंकाच नव्हती. हाक मारताना त्याचा आवाज शेवटाला जरासा चिरकायचा, आणि मी त्यावरून त्याला चिडवायची. माझा जीव भांड्यात पडला. मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते.

“आला, आला!” मॅडम धावत अंगणात आल्या. “अहो आजी, तुमचा मुलगा हाक मारतोय!”

“ऐकलं.”

“मग द्या ना ओ!”

“थांबा, बाई.”

आत्याबाई बांधाच्या दिशेनं चालत निघाल्या आणि आम्ही त्यांच्या मागोमाग. पायाखालचं ओलं गवत तेवढं दिसत होतं. बांधावर पोचतोय तोच पुन्हा हाक आली.

“आयेऽऽ.”

ही पहिलीपेक्षा लांबून आली असं मला वाटलं. धुक्यात आवाज फसवतो, अशी तेव्हा मी स्वतःची समजूत घातली. पण मला राहवेना.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “लांब चाललेत हो ते.”

“तिसरी येऊ दे.”

“अहो, असं काय करता!” मॅडमचा आवाज रडवेला झाला. “तो घाबरला असेल. तुम्ही नाही देत तर मी देते.” आणि त्यांनी तोंडाभोवती हात धरले.

आत्याबाई झटकन वळल्या आणि सरळ त्यांच्या पायांवर वाकल्या. एवढी वयस्कर बाई, पुण्याच्या पाहुणीच्या चिखलानं भरलेल्या बुटांवर डोकं टेकून म्हणाली, “पाया पडते तुमच्या. तिला वाट दावू नका. येकुलतं येक हाय माजं.”

मॅडमचे हात आपोआप खाली आले. साहेबांनी त्यांना मागं ओढलं. “जाऊ दे,” ते म्हणाले. “त्यांना माहीत असेल.”

मग आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. आजही पाऊस पडायला लागला की ते मनगट मला आठवतं. त्यांची पकड अशी, की बांगड्या कातडीत रुतल्या. त्या डोळे मिटून उभ्या होत्या आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होत्या. मला आधी वाटलं देवाचं नाव घेतायत. मग शब्द कळले. “हाक मार, बाबा. आजून येकदा मार. मार रं, लेकरा.”

आम्ही चौघं त्या बांधावर उभे होतो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर तो येत होता, पोटऱ्यांना गवताची कुसळं चिकटलेली, हातात किल्ली नाचवत. आता येईल, आता येईल. कुठंतरी बेडूक ओरडत होता. एकदा वाटलं हाक आली, पण ती गोठ्यातली आमची गाय होती.

तिसरी हाक आलीच नाही.

मी हात सोडवून घेतला. कसा ते माहीत नाही, दोन बांगड्या फुटल्या. मी पठाराकडे धावले आणि ओरडायला तोंड उघडलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला हाक मारायला नावच नाही. वर्षभर “अहो” आणि “ऐकलं का” यावर माझा संसार चालला होता. धुक्यात “अहो” म्हणून कुणाला बोलावणार?

“लहानूऽऽ,” मी ओरडले. “लहानूऽऽ! ओऽऽ! इकडं या, ओऽऽ!”

त्याचं नाव मी पहिल्यांदा घेतलं ते असं. मागून आत्याबाईंनी किंकाळी फोडली. मी नाव घेतलं म्हणून नाही, मी ओ दिली म्हणून.

माझ्या ओरडण्यानं गाव गोळा झालं. गावातल्या एकनाथभाऊंनी देवळातला ढोल आणला, बायकांनी परातींवर लाटणी बडवली, पोरं कौलांवर चढून ओ द्यायला लागली. अंधार पडला तरी कुणी घरी गेलं नाही. सगळं गाव ओ देत होतं आणि हाक कुणाचीच नव्हती.

सकाळी वारा सुटला. धुकं असं पटकन उठलं, जसं काही कधी नव्हतंच. कोवळं ऊन पडलं, पठारावर पिवळी सोनकी फुललेली, दरीत इंद्रधनुष्य. माणसं ज्यासाठी लांबून येतात ते सगळं त्या सकाळी एका वेळी हजर होतं. पुरुष दोर घेऊन खाली उतरले.

लहानूच्या सदऱ्याच्या खिशात मोटारीची किल्ली होती. एकनाथभाऊंनी ती साहेबांच्या हातात दिली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्यांना कुठं ठेवावी ते कळेना. मॅडमनी मला मिठी मारली, पण माझे हात काही वर आले नाहीत. त्यांचा मला राग नव्हता. किल्ली कुणाचीही हरवते.

गवतानं बाकीचं सांगितलं. ओल्या गवतात पावलांची वाट उमटली होती. टाक्यांपासून गावाच्या रोखानं निम्म्यापर्यंत तो बरोबर आला होता. तिथं घोटाळला होता, एका जागी गोल फिरला होता, गवत तुडवलेलं होतं. पहिली हाक तिथलीच. मग गावाकडे पाठ करून चालत निघाला होता. पुढं पुन्हा थांबला होता. तिथून कडा अगदी जवळ. एकनाथभाऊ बघत उभे राहिले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “नुस्ती येक ओ कानावर पडली असती, तर फिरला असता की रं माघारी.”

मग मी मागं उभी आहे हे त्यांना दिसलं आणि ते गप्प झाले. पण माझ्या मागं आत्याबाई उभ्या होत्या.

दहावा झाल्यावर पाहुणेरावळे गेले. माझा भाऊ मला न्यायला आला होता, मी त्याला नंतर ये म्हणून परत लावून दिलं. का, ते मलाही सांगता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या बाईला एकदा विचारायचं होतं. माझ्या मनात तिच्याबद्दल विष साचलं होतं. तिच्या हातचं पाणी मला नको वाटायचं.

“का धरलात तुम्ही माझा हात?” मी विचारलं. “मी दिली असती ओ. मग जे व्हायचं ते झालं असतं.”

आत्याबाई चुलीपुढं बसल्या होत्या. चूल पेटलेली नव्हती. ते झाकलेलं ताट अजून कोपऱ्यात होतं, त्याला हात लावायचं धाडस दोघींत कुणालाच झालं नव्हतं.

“लहानूचा बा बी असाच गेला,” त्या म्हणाल्या. “ह्यो पाळन्यात व्हता. अशीच धुई पडल्याली. ते बैल हुडकाया गेलं व्हतं.”

मी चुलीच्या दुसऱ्या बाजूला बसले.

“हाक आली, गऊऽऽ म्हनून. मी नवी व्हते, तुज्यावानी. सासूनं सांगितलं व्हतं, पर मला काय दम निघना. पैल्या हाकंला म्या ओ दिली. धावत बांधावर गेले आनि ओ दिली, सारखी दिली, घसा फुटंस्तोवर दिली.” त्या थांबल्या. “ते आलं न्हाईत. समदं गाव म्हनलं, गऊनं ओ दिली आनि दाल्ला घालवला. सासूनं मरंस्तोवर माजं तोंड बघितलं न्हाई.”

“आत्याबाई...”

“म्हनून आवंदा म्या जीभ चावून उभी ऱ्हायले, मंदा. मला काय ओ देता येत न्हवती व्हय गं? समदा जीव गळ्यापाशी आला व्हता. पर म्हनलं, येकदा दिली नि गेला. आता न्हाई देत. आता तरी ऱ्हाईल.”

मी तिला शिव्या द्यायला बसले होते. पण शिव्या द्यायच्या तर कुणाला? ओ दिली तरी गेला, नाही दिली तरी गेला. तिला मारायला देवानं दोन्ही बाजू धरून ठेवल्या होत्या. मी उठले, ते ताट उचललं आणि मागच्या दारी नेऊन भाकरी गाईपुढं टाकली. मग तिथंच बसून रडले. आत्याबाई बाहेर आल्या नाहीत.

भाऊ पुन्हा आला तेव्हाही मी गेले नाही. त्या बाईला एकटीला ठेवून जायला माझा पाय निघाला नाही. तिच्याबरोबर राहणंही सुखाचं नव्हतं, पण तिला मनातून माझ्याइतकं ओळखणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात माणसं परत आली. धबधबा तसाच उलटा उडत होता. एक दिवस कुठल्यातरी कॉलेजची मुलं कड्यावर उभी राहून दरीत बघून ओरडत होती. कुणी आपल्या मैत्रिणीचं नाव घेतलं, कुणी शीळ घातली, आणि एकानं मजेमजेत हाक मारली, “आईऽऽ!”

आत्याबाई ओसरीवर तांदूळ पाखडत होत्या. सूप हातातून पडलं. त्या उठल्या, बांधाकडे तोंड केलं आणि छातीतून निघावी तशी ओ दिली. “ओऽऽ!”

तिकडे आधी सगळे चिडीचूप झाले. मग एकच गलका. पुन्हा हाक आली, पुन्हा आत्याबाईंनी ओ दिली.

“आत्याबाई, पाहुणे आहेत ते,” मी म्हणाले. “खाली बसा.”

“ठावं हाय मला,” त्या म्हणाल्या. “पर आता देते मी. पैल्या हाकंलाच देनार. आता तिला न्यायाला घरात कोन ऱ्हायलंय?”

मी होते की घरात. पण हे मी बोलले नाही. तांदूळ गोळा करून सुपात भरले.

तेव्हापासून त्यांनी एकही हाक वाया जाऊ दिली नाही. वाऱ्यामुळे म्हणा, दरीमुळे म्हणा, घरून दिलेली ओ कड्यावर उभ्या असलेल्या माणसाला खालून, दगडातून आल्यासारखी वाटायची. वर्षा-दोन वर्षांत बोभाटा झाला. कुडवळचा कडा ओ देतो. “आई” म्हणून हाक मारा, कडा बाईच्या आवाजात ओ देतो. मोटारी वाढल्या. कड्याला लोखंडी कठडा आला, फाट्यावर पाटी लागली, ‘ओ देणारा कडा’, खाली बाण. घरोघरी चहाच्या किटल्या आणि मक्याची कणसं दिसायला लागली. पाहुण्यांना खरं कुणी सांगितलं नाही. मी तरी कुठं सांगितलं? त्याच माणसांना मी भजी तळून घालत होते. पोरं कड्यावरून आनंदानं घरी येऊन म्हणायची, “काकू, तुमचा कडा भारी आहे!” आणि त्यांच्यापासून चार पावलांवर आत्याबाई भिंतीला टेकून धाप टाकत बसलेल्या असायच्या.

गेल्या थंडीत त्या गेल्या. शेवटी शेवटी आवाज नुसता वाऱ्यासारखा निघायचा, तरी ओठ हलायचे.

यंदा पाऊस सुरू झाला आणि माणसं कड्यावरून खट्टू होऊन परत फिरायला लागली. “काही नाही हो, उगाच पसरवलंय,” म्हणायची आणि चहाही न घेता मोटारीत बसायची. एक दिवस एकनाथभाऊ आले. म्हातारे झालेत आता. ओसरीवर बसून टोपी हातात घेतली, परत घातली, परत काढली.

“वहिनी, कसं बोलू कळत न्हाई,” ते म्हणाले. “पर गावाचं समदं आता त्या कड्यावर हाय. पोरांनी दुकानं टाकलीत. तुमचं घर बांधाला लागून. तुमी जर...”

“काय?”

“तुमी ओ दिली असती तर.”

मी त्यांना चहा दिला. हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. ते कप ठेवून उठले आणि जाताना अंगणात थांबून माझ्याकडे न बघता नमस्कार करून गेले.

रविवारी दुपारी वारा पडला. बघता बघता गोठा दिसेनासा झाला. कड्यावर मोटारीभर माणसं होती, त्यांचं हसणं धुक्यातून ऐकू येत होतं. मी तव्यावरची भाकरी उतरवली आणि बांधावर जाऊन उभी राहिले. मनगटाला मी दुसऱ्या हातानं धरून ठेवलं होतं.

“आईऽऽ!”

त्या नावानं मला कुणी कधी हाक मारलेली नाही. मारणारं कुणी व्हायच्या आतच सगळं आटपलं होतं. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. तेवढ्यात दुसरी हाक आली. पोरसवदा आवाज, शेवटाला जरासा चिरकलेला.

“आईऽऽ!”

“ओऽऽ,” मी म्हणाले. “ओऽऽ! ओऽऽ!”

कड्यावरून टाळ्या ऐकू आल्या.